पाणमांजराचं माप

आमच्या मावशीच्या तोंडात गेली चाळीस वर्षं टाचण्या आहेत. तळमजल्यावरच्या तिच्या दुकानात कपडे शिवले जात नाहीत, दुरुस्त होतात. सैल झालेलं घट्ट करायचं, घट्ट झालेलं सैल करायचं, लांब असेल ते आखूड. गिऱ्हाईक आरशासमोर उभं, मावशी त्याच्या पायाशी बसलेली, ओठांत सहा टाचण्या, आणि त्यांच्या फटीतून सुटलेला हुकूम: "सरळ उभे राहा. श्वास सोडा. खोटं पोट मला चालत नाही." आख्खी गल्ली तिला टाचणीमावशी म्हणते. मी तिच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, म्हणून मला टाचणी गाळायची परवानगी आहे.

तीन हिवाळ्यांपूर्वी ती दुकानाच्या पायरीवरच्या बर्फावरून घसरली आणि घोटा मोडून घेतला. डॉक्टरांनी सहा आठवडे बसवून ठेवलं. दुकानामागच्या खोलीला एक मोठी खिडकी आहे, खिडकीबाहेर कालवा, काठावर बोरूचं दाट बेट. मावशी त्या खिडकीत बसली आणि मला दिवसातून सतरा फोन करू लागली. स्वतःचा जीव वाचवण्यासाठी मी तिला फोनवरच्या एका गटात घालून दिलं. गटाचं नाव 'थंडीची खिडकी'. तीसेक माणसं, सगळी वेगवेगळ्या गावची, एकमेकांना कधीही न भेटलेली. रोज सकाळी आठच्या आत प्रत्येकाने लिहायचं: तापमान किती, आज खिडकीबाहेर कोण आलं, आणि घरात काय चाललंय.

गटाची मालकीण एक निवृत्त गणितशिक्षिका. सगळे तिला गणितबाई म्हणतात. डोंगरावरच्या कुठल्याशा गावात ती एकटी राहते आणि उजाडायच्या आत थर्मामीटर बघते. तिचा नियम एकच: जे पाहिलं तेच लिहायचं. 'अंदाजे' हा शब्द वापरला की ती लगेच लिहिते, "अंदाजे म्हणजे किती?" एका सभासदाने 'खूप बगळे' असं लिहिलं, तर बाईंनी त्याला परत खिडकीत पाठवून मोजायला लावलं. चार निघाले.

मावशीला हे फार मानवलं. एका बोटाने, कच्चे टाके घालावेत तशी ती टाइप करायची. "उणे दोन. बदकं अकरा. बारावं उशिरा आलं, त्याची कॉलर वाकडी आहे. भाच्याला सर्दी." किंवा, "उणे एक. राखी बगळा आला. पाठीत बसत नाही, खांद्यात एक चिमटा घ्यायला हवा." घोटा बरा झाला, दुकान सुरू झालं, पण आठच्या आतली नोंद कधी चुकली नाही. लांबच्या एका बस आगारातले ड्रायव्हरदादा तिचे खास दोस्त. त्यांच्या आगारात थंडीत एक कोल्हीण येते आणि गरम इंजिनाखाली झोपते. तिच्या शेपटीचे केस झडायला लागले तेव्हा मावशीने अर्धा तास फोनवर सल्ला दिला होता. कोल्हिणीने तो पाळला की नाही, ते नोंदीत नाही.

या हिवाळ्यात, एका मंगळवारी, मावशीची नोंद आली: "उणे चार. पाणमांजर एक. सात वाजून बारा मिनिटं. बोरूतून निघालं, शेजारच्या लाँड्रीच्या सांडपाण्याच्या नळाशी गेलं, मासा घेतला, परत बोरूत. अंदाजे नाही."

फोटोही होता. पण मावशीच्या फोनच्या काचेवर शिलाई मशीनचं तेल कायमचं वस्तीला असतं. फोटोत एक तपकिरी ढग होता.

"मफलर आहे का?" ड्रायव्हरदादांनी विचारलं.

"मफलर मासे खात नाही," मावशीने लिहिलं.

आता योगायोग बघा. त्याच मंगळवारी इमारतीच्या जिन्यात सूचना लागली. मागचं बोरूचं बेट साफ करून तिथे बारा गाड्या उभ्या करायची सोय होणार. सोमवारी सकाळी नऊ वाजता यंत्र येणार. खाली सेक्रेटरींची सही. हे आमचे सेक्रेटरी म्हणजे माणूस वाईट नाही, पण सूचना लिहिण्याची त्यांना भूक आहे. जिन्यातला दिवा गेला तर ते दिवा बदलण्याआधी 'दिवा गेला आहे' अशी सूचना लावतात.

मावशी तोंडातल्या टाचण्या काढून त्यांच्या दारात गेली. टाचण्या काढून ती कुणाकडे गेली की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

"सेक्रेटरी, बोरूत पाणमांजर राहतं."

"घूस असेल हो मावशी."

"चाळीस वर्षं मी माणसं मापते. घूस आणि पाणमांजर यातला फरक मला कळतो. काही माणसांबद्दल मात्र अजून खात्री नाही."

"कागदावर आणा काहीतरी. कालवा कार्यालयाचा एक फॉर्म असतो. ठसा, त्याचं माप, दोन साक्षीदार. त्यांनी मानलं तर यंत्र थांबेल. उगाच तोंडी नको."

"आणते," मावशी म्हणाली.

गुरुवारी पहाटे बारीक बर्फ पडला. सात वाजता मावशी कालव्याच्या काठावर, गळ्यात टेप, हातात पातळ कागद. बर्फात ताजा ठसा होता: पाच बोटं, मध्ये पडदा. तिने कागद ठेवून ठसा गिरवला. दुकानात येऊन तो दुहेरी खाकी कागदावर उतरवला, कात्रीने एकदम दोन पंजे सुबक कापले, एक टेबलावर ठेवून मोजला आणि फॉर्मवर लिहिलं: रुंदी साडेतीन इंच. तो खाकी पंजा फॉर्मला टाचला, दुसरा ठेवून घेतला, आणि फोटो माझ्या फोनने काढून गटात टाकला. टाचला तोही टाचणीनेच. साक्षीदार म्हणून लाँड्रीवालीने सही केली आणि मी केली. मी टेप लावून बघितलं नाही. मावशीच्या मापावर शंका घ्यायची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी कार्यालयाचं उत्तर आलं. या भागातल्या पाणमांजराचा पंजा अडीच इंचांच्या आसपास असतो. साडेतीन इंचांचा पंजा जुळत नाही. ठसा बहुधा मोठ्या कुत्र्याचा असावा. अर्ज अमान्य.

शनिवारी सेक्रेटरींनी हे उत्तर जिन्यात लावलं आणि 'कुत्र्याचा' या शब्दाखाली पट्टी धरून लाल रेघ मारली. दिवसभर ज्याला जिना चढायचा नव्हता तोही चढला. दुकानात पँट द्यायला आलेला एक जण निघताना हळूच भुंकला. मावशीने त्याची पँट दोन इंच आखूड करून दिली.

खरा घाव मात्र गटातून बसला. कार्यालयाचं उत्तर वाचून गणितबाईंनी लिहिलं, "तुमचं पाहणं मी मानते. तुमचं माप मानत नाही. परत मोजा."

मावशी लालबुंद झाली. "माझं माप? चाळीस वर्षांत एक बाही चुकली नाही माझी! या बाईने आयुष्यभर फळ्यावर मोजलं. मी जिवंत माणसं मोजली, हलणारी!"

"मावशी, जाऊ दे ना," मी म्हणालो. "बोरूच तर आहे."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की माझीच बाही आखूड वाटायला लागली. "बोरू नाही रे. सहा आठवडे मी त्या खिडकीत बसले होते. तुम्ही सगळे कामाला. माझ्याकडे रोज येत होतं ते त्या बोरूतून येत होतं. आता तिथे बारा गाड्या येणार. मी काय लिहू सकाळी? उणे तीन, गाड्या बारा?"

गाड्या मोजायला तिला गणितबाईंनी परवानगी दिली असती, पण ती लिहिणार नाही हे मला दिसत होतं.

रविवारी सकाळी ड्रायव्हरदादांनी तिला हसवायला म्हणून लिहिलं, "मावशी, तुमच्या कागदी पंजाचा फोटो परत पाहिला. कसला सुबक कापलाय! आता शिलाई कधी मारणार?"

मावशी कडक उत्तर टाइप करायला बसली. एक शब्द टाइप केला आणि बोट थांबलं. ती उठली. भिंतीवर टोचून ठेवलेला तो गिरवलेला पातळ कागद काढला, आणि ठेवून घेतलेल्या दुसऱ्या खाकी पंजावर ठेवला. खाकी पंजा चहूबाजूंनी अर्धा इंच बाहेर आला होता. अगदी एकसारखा, कुठे सुताचाही फरक नाही.

शिलाईसाठी जास्तीचं कापड! कागद कापताना चाळीस वर्षांच्या हाताने सवयीने अर्धा इंच बाहेरून कात्री चालवली होती. दोन बाजूंचा मिळून एक इंच. पाणमांजराला तिने पुढे मागे सैल करता येईल असा पंजा कापला होता.

मावशी खुर्चीत बसली आणि इतकी हसली की लाँड्रीवाली बघायला आली. मग तिने जे लिहिलं ते मी जपून ठेवलं आहे. "चूक माझी. पंजा शिवायचा नव्हता हे हाताला सांगायचं राहिलं. खरं माप अडीच इंच. गणितबाई, तुमचं बरोबर. सेक्रेटरींचं नाही."

बाईंनी ताबडतोब लिहिलं, "आज आकडा बदलून पाठवलात तर कुणी मानणार नाही. नवा ठसा हवा, नवे साक्षीदार हवेत. बर्फ आहे?"

"वितळला. चिखलही नाही, जमीन दगड झालीय."

वीस मिनिटांनी बाईंचा लांबलचक मजकूर आला. त्यांनी मावशीच्या या महिन्याच्या सगळ्या नोंदी काढून मांडल्या होत्या. पाणमांजर मावशीला चार वेळा दिसलं होतं, आणि चारही दिवशी तापमान उणे तीनच्या खाली होतं. तेव्हा कालवा काठाने गोठतो. फक्त लाँड्रीच्या नळातून कोमट पाणी येतं तिथे तो उघडा राहतो, मासे तिथे जमतात. वेळ सात दहा ते सात तीस. "उद्या तुमच्याकडे उणे चार आहे," बाईंनी शेवटी लिहिलं. "ते नळाकडे जाणार. अंदाजे नाही."

"बोरूतून नळाकडे जायला एकच फळी आहे," मावशीने लिहिलं. आणि मग तिने दुकानातले सगळे निळे खडू खलबत्त्यात घातले.

सोमवारी पावणेसातला आम्ही फळीवर निळी भुकटी पसरली. खिडकीमागे बसलो. सात दहा झाले. सात वीस झाले. मावशीच्या ओठांत टाचण्या नव्हत्या, तरी ती दात आवळून होती. सात वाजून चोवीस मिनिटांनी बोरू हलला. लांब, तपकिरी, चकचकीत अंग फळीवरून असं गेलं जसं कुणी रेशमाचा तागा सोडून दिला. डुबकी. मासा. परत फळीवरून, आणि बोरूत. मावशीने माझा दंड इतका दाबला की खूण बुधवारपर्यंत होती.

नऊला यंत्र आलं. मागोमाग सेक्रेटरी, बोरूकडच्या फाटकाची किल्ली घेऊन. फळीपाशी मावशी उभी होती, गळ्यात टेप, हातात नवा फॉर्म.

"मावशी, बाजूला व्हा. यंत्रवाल्याचा खोळंबा होतोय."

"होईन. आधी हे मोजा."

फळीवर निळ्यात उमटलेले स्वच्छ ठसे होते. पाच-पाच बोटं, मधले पडदे. सेक्रेटरी वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"तुम्हीच मोजा ना," ते पुटपुटले.

"माझं माप जिन्यात लावलंत, लाल रेघ मारून. आता तुमच्या हाताने मोजा." तिने टेप काढून त्यांच्या हातात दिला.

"आणि मी नाही मोजलं तर?"

"सेक्रेटरी," मावशी हळू आवाजात म्हणाली, "तुमच्या कमरेची सात वर्षांची मापं माझ्या वहीत आहेत. दर वर्षी तुम्ही पोट आत घेता, दर वर्षी मी खरं माप लिहिते, आणि आजवर कुणाला सांगितलं नाही. उद्याही सांगणार नाही. ती माझ्या धंद्याची रीत आहे. तुमची रीत काय आहे ते आता बघू."

सेक्रेटरींनी टेप लावला. एकदा. मग दुसऱ्या ठशाला. यंत्रवाला उतरून त्यांच्या खांद्यावरून बघत होता.

"अडीच," सेक्रेटरी म्हणाले.

"मोठ्याने."

"अडीच इंच! आणि बोटं पाच आहेत, पाच. कुत्र्याला चारच..." ते थांबले. बोरूच्या कडेला एक ओलं डोकं वर आलं होतं. मिशांवर पाण्याचे थेंब, आणि छातीशी धरलेले दोन पंजे, दोन्ही निळे. त्याने आमच्या चौघांकडे पाहिलं, आमच्यात खाण्यासारखं काही नाही अशी खात्री करून घेतली, आणि बुडालं.

"अरे बापरे," सेक्रेटरी म्हणाले. त्या क्षणी त्यांनी पोट आत घेतलेलं नव्हतं. मला ते प्रथमच माणसासारखे दिसले.

सही त्यांनी केली. दुसरी सही यंत्रवाल्याने. मावशी लगेच फॉर्म घेऊन चालत कालवा कार्यालयात गेली आणि शिक्का बसेपर्यंत टेबलासमोरून हलली नाही. पाहणी होईपर्यंत, म्हणजे थंडी संपेपर्यंत, बोरूला हात लावायचा नाही असा कागद घेऊन आली. तो तिने जिन्यात लावला. 'हात लावायचा नाही' या शब्दांखाली रेघ मारली, निळ्या खडूने. पुढे पाहणीत काय ठरेल कुणाला ठाऊक. सेक्रेटरी म्हणाले, "उन्हाळ्यात बघू." मावशी म्हणाली, "बघू. टेप घेऊन या."

त्या दिवशी मात्र तिची नोंद पहिल्यांदा आठनंतर आली. "उणे चार. पाणमांजर एक, पंजे निळे. उशिरासाठी माफी नाही."

गणितबाईंनी विचारलं, "निळे किती?"

"दिसले दोन," मावशीने लिहिलं. "बाकीचे दोन पाण्यात होते."

"मग दोनच लिहा," बाई म्हणाल्या.

मावशीने दोन लिहिले.