फायनलशेठचा आकडा

जुन्या फर्निचरच्या बाजारात त्याला सगळे फायनलशेठ म्हणत. एका खुर्चीच्या सौद्यात तो चारदा ‘फायनल’ म्हणे आणि चारही वेळा ते खोटं असे. आयुष्यभर कपाटं उचलून कंबर कामातून गेली, तेव्हा डॉक्टरबाईंनी विचारलं, “दहापैकी किती दुखतं?”

दुखत होतं सहा. शेठ म्हणाला, “नऊ.”

बाई ‘पाच?’ म्हणतील, मग साडेसहावर मिटवू, असा त्याचा हिशेब. बाईंनी मुकाट्याने नऊ लिहून घेतले. इतक्या सरळ गिऱ्हाइकाशी त्याची कधी गाठ पडली नव्हती.

“नऊ कसले?” बाहेर बायकोने झाडलं. “काल सोफा ढकलत होतात की!”

“अगं, आकडा चढाच सांगावा. उतरायला जागा नको?”

गोळी मोठी मिळाली, लागूही पडली. शेठ दिवसभर दुकानात उभा राहू लागला. दुकान बंद करून जागा भाड्याने द्यायच्या गोष्टी जावई काढत असे, त्याही थंडावल्या. मग काही महिन्यांनी गोळीचा अंमल संध्याकाळऐवजी दुपारीच उतरू लागला. शेठ पुन्हा गेला, पुन्हा नऊ म्हणाला, डोस वाढला. असं होता होता एक दिवस खरोखरचं नऊ आलं. मोजे चढवायला बायको लागू लागली, आणि जावई टेप घेऊन दुकानाची लांबी-रुंदी मोजून गेला.

“मॅडम, दहा,” शेठ म्हणाला.

“औषध तिप्पट झालं आणि दुखणं नवाचं दहा? शरीर गोळीला सरावलंय. आता वाढवायची नाही, हळूहळू कमी करायची. सोबत व्यायाम.”

“खरं सांगू? तेव्हा सहाच होतं. नऊ आत्ता आहे.”

“मग दहा?”

“ते आपलं... बोलायचं म्हणून.”

बाई हसल्या नाहीत. “सहा असो की नऊ. आणखी वाढवली तर दुखणं तिथंच राहील आणि श्वासाला धोका.”

“निदान सकाळची तरी राहू द्या. मला दुकानात उभं राहायचंय हो.”

“नाही. सकाळची, रात्रीची, दोन्ही कमी होणार.”

सौदा अडला की उठून चालू लागायचं; दारापर्यंत पोचायच्या आत समोरचा हाक मारतो. शेठला दुसरं काही येतच नव्हतं. टेबलाला धरून तो उठला, कण्हत दारापर्यंत गेला आणि कडीवर हात ठेवून जरा थांबला.

बाईंनी घंटी वाजवली. शिपायाने बाहेरून दार उघडलं, शेठला दंडाला धरून बाजूला केलं आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं.