आखाजीआधी सेल्फ लागला पाहिजे

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आमच्या घरातली आखाजी बंद पडली. डॉक्टर म्हणाले, जिना चढा, फिरायला जा, मांडी घालू नका. मग चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "मोटरसायकलला किक मारता का?" मी हो म्हणालो. "ती आता विसरा," ते म्हणाले. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याचा एक शौक गेला. गेलं होतं ते माझ्या बहिणीचं माहेर.

हे जरा उलगडून सांगायला हवं. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. निंबाला झोके बांधतात, खापरावर मांडे होतात, बाया गौराईची गाणी म्हणत अंगणं दणाणून सोडतात. पण लेक आपली आपण येत नाही. तिला आणायला माहेरचा माणूस जातो, त्याला मुराळी म्हणतात. माझी थोरली बहीण, आमची अक्का, भडगावला दिलेली. मी अमळनेरला. वडील थकले तसं मुराळ्याचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते कायम मोटरसायकलवरच केलं, कारण अक्काला गाडी लागते. एसटी असो नाहीतर गार हवेची कार असो, दार लागलं की तिचा जीव घाबरा होतो आणि पुढचं सगळं ओकारीत जातं. मोटरसायकलवर मात्र ती आडवी बसून, वारं खात, वाटेतल्या प्रत्येक शेताला नावं ठेवत मजेत येते.

ऑपरेशन झालं त्या वर्षी मी मुलाला कार घेऊन पाठवलं होतं. भडगावची वेस ओलांडायच्या आत अक्काने गाडी थांबवायला लावली, रस्त्याच्या कडेला बसून पोट रिकामं केलं आणि चालत घरी परत गेली. संध्याकाळी तिचा फोन आला. "भाऊ, आते मनी आखाजी आठेच." माझी आखाजी आता इथेच, एवढंच म्हणाली. पुढच्या वर्षी तिने विषयच काढला नाही. पण तिच्या सुनेने नंतर सांगितलं की सासूबाई आखाजीच्या सकाळी ठेवणीतली साडी नेसून ओट्यावर बसल्या होत्या, दुपारपर्यंत, उगाचच. ते ऐकून मला रात्रीचं जेवण गेलं नाही. अक्का आता सत्तरी ओलांडून गेली आहे. तिच्या अजून किती आखाज्या अशा ओट्यावर बसून जायच्या, हा हिशोब मला करायचा नव्हता.

माझी मोटरसायकल जपानी, दोन सिलिंडरची, पन्नाशीच्या पुढची. इथल्या तेलाच्या कारखान्यातल्या एका साहेबांची बदली झाली तेव्हा मी ती घेतली. उजव्या मुठीजवळ तिला एक बटण होतं. त्या काळात अमळनेरात बटण दाबून चालू होणारी मोटरसायकल म्हणजे अप्रूप, लोक उभे राहून बघायचे. पुढे काही वर्षांत हा सेल्फ स्टार्टर बंद पडला. पाय धडधाकट होते, त्यामुळे मी ढुंकूनही पाहिलं नाही. खोड एकच होती. वैशाखाच्या उन्हात इंजिन तापलं की ती किकला दाद देत नसे. दर वर्षी भडगावहून निघताना हेच व्हायचं. अक्काच्या घराची गल्ली गिरणेच्या बाजूला उतरती आहे. अक्का पदर खोचायची, मागच्या कडीला दोन्ही हात लावायची आणि सासू, दीर, शेजारीपाजारी सगळ्यांच्या देखत धक्का मारायची. तरणी सून होती तेव्हाही. इंजिनाने धूर सोडला की धावत येऊन मागे बसायची आणि माझ्या पाठीत एक बुक्की घालायची.

तर यंदा होळी झाल्यावर मी घरात जाहीर केलं, "आखाजीआधी सेल्फ लागला पाहिजे."

"आधी तुमचा गुडघा लागू द्या," बायको म्हणाली.

मी आयुष्यभर एसटीच्या डेपोत डिझेल इंजिनं खोलली. पण विजेचं आणि माझं कधी जमलं नाही. तेल गळतं ते दिसतं, नट ढिला झालेला हाताला कळतो. करंट दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याचा मला राग येतो. बटण दाबलं की सीटखालून फक्त "टक" असा आवाज यायचा, आणि हेडलाइट विझल्यासारखा मंद व्हायचा. पुढे काही नाही. आमच्या बाजारात माझ्या शाळेतल्या मित्राचं बॅटरीचं दुकान आहे, त्याच्या वडिलांपासूनचं. त्याचे रोजे चालू होते. मला चहा मागवून तो स्वतः नुसता बघत बसला.

"लाइट मंद होतो ना? बॅटरी गेली भाऊ. यात विचार काय करायचा," तो म्हणाला.

नवी बॅटरी बसवली. टक.

"मग मोटरचे कार्बन गेले," तो तितक्याच ठामपणे म्हणाला. मीही मान डोलावली, कारण मलाही तसंच वाटत होतं. मोटर खोलली. आत करंट पोचवणारे कार्बनचे दोन ठोकळे असतात, ते झिजून नखाएवढे राहिले होते. या गाडीचे कार्बन कुठे मिळणार? धुळ्याहून दुसऱ्याच कुठल्या गाडीचे आणले आणि मी ते दोन दुपारी पॉलिश पेपरवर घासून मापाचे केले. बायको म्हणाली की इतक्या निगुतीने मी कधी तिच्यासाठी लसूणही सोलला नाही. मोटर तशीच हातात धरून बॅटरीच्या दोन वायरी लावल्या, तर ती अशी उसळून फिरली की माझ्या हातातून सुटायला आली. मला इतका आनंद झाला की मी मित्राला फोन करून ती फिरत असतानाचा आवाज ऐकवला. मग ती गाडीत बसवली, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

टक.

मी पाना अंगणाच्या टोकाला भिरकावला. मांजर पळालं. बायकोने शांतपणे तो उचलून आणला आणि माझ्यापुढे ठेवला. राग उतरायला अख्खी दुपार गेली. पडल्या पडल्या एक साधी गोष्ट डोक्यात आली. मोटर हातात फिरते आणि गाडीत फिरत नाही. म्हणजे खोट मोटरमध्ये नाही आणि बॅटरीतही नाही, मधल्या वाटेत आहे. करंट तांबड्या वायरीने मोटरकडे जातो आणि गाडीच्या अंगातून बॅटरीकडे परत येतो. जायची वाट मी तीनदा तपासली होती. परतीची वाट कुणी बघितलीच नव्हती.

बायकोला बटण दाबायला उभं केलं. व्होल्ट मोजायच्या मीटरची एक पिन बॅटरीच्या काळ्या टोकाला लावली आणि दुसरी इंजिनाला. सगळं ठीक असतं तर मीटरने शून्याच्या आसपास राहायला हवं होतं. तिने बटण दाबलं आणि आकडा जवळजवळ पूर्ण बॅटरीएवढा वर गेला. परतीची वाट बंद होती. सीटखाली, ती काळी वायर जिथे गाडीच्या सांगाड्याला आवळलेली असते, तो बोल्ट मी खोलला. त्याच्याखाली रंग होता. आधी मरून, त्याच्याखाली काळा, त्याच्याखाली पुन्हा मरून, मग चंदेरी. करंट या थरांतून कसा जाणार?

आणि मला हसू फुटलं. हे रंग माझेच होते. मुराळ्याने बहिणीच्या सासरी झोकात जायला हवं, म्हणून आखाजी जवळ आली की मी गाडी उघडीबोडकी करून रंगवत असे. ती वायर बाजूला करायचो, मनापासून ब्रश फिरवायचो, आणि सुकलेल्या रंगावर ती परत आवळायचो. अक्कासाठी गाडी नटवता नटवता मीच सेल्फचा गळा आवळला होता. बायकोला सांगितलं तेव्हा ती अंगणातच खाली बसून हसली. मी पत्रा उघडा पडेपर्यंत ती जागा खरवडली, वायर आवळली, आणि बटण दाबलं. इंजिन एका दमात धडधडलं. बायको हसायची थांबली आणि म्हणाली, "अगं बाई!" मला रडू यायला लागलं होतं, म्हणून मी उगाच कार्ब्युरेटरकडे बघत बसलो.

पुढचं काम माझ्या ओळखीचं होतं. ब्रेक शू बदलले, क्लचची केबल नवी घातली, टाकीत बारीक खडे आणि रॉकेल घालून ती हलवून हलवून आतला गंज काढला, चिरलेले टायर टाकून दिले. रंग मात्र या वेळी दिला नाही. चैत्रातल्या संकष्टीपासून मी रोज पारोळा रस्त्याने थोडं थोडं लांब जाऊन येत होतो. गुडघा कुरकुरला, पण बंद पडला नाही.

येतोय म्हणून अक्काला फोन केला आणि आखाजीच्या आदल्या दिवशी उजाडताच निघालो. पारोळ्याला चहा घेतला, तो इंजिन चालू ठेवूनच, कारण माझा अजून पुरता भरवसा बसला नव्हता. हॉटेलवाला ओरडला, "बाबा, पेट्रोल फुकट शे का?" मी त्याला हात जोडले.

अक्का ओट्यावरच बसली होती. ठेवणीतली साडी, शेजारी पिशवी. पूर्वीपेक्षा लहान दिसली. मी गाडी बंद केली.

"उना का रे मुराळी?" ती म्हणाली, आणि डोळे पुसायला आत निघून गेली. सुनेने दशमी आणि चटणी दिली. निघायच्या वेळेला ऊन चढलं होतं. मी गाडीवर बसलो आणि मागे वळून पाहिलं, तर अक्काने पिशवी आधीच कडीला अडकवली होती, पदर खोचला होता आणि दोन्ही हात गाडीला लावून ती उभी होती.

"अक्का, आता त्याची गरज नाही. हे बघ," मी ऐटीत म्हणालो आणि बटण दाबलं. गाडी तत्काळ चालू झाली. ओट्यावर सून टाळ्या वाजवायला लागली.

"म्हणजे आते धक्का नही लागाव?" अक्काने विचारलं.

"कधीच नाही."

"बरं व्हयनं," ती म्हणाली. पण हात तिने काढले नाहीत. इतक्या वर्षांत तिचा असा पडलेला चेहरा मी पाहिला नव्हता. महिनाभर जिच्यासाठी खपलो होतो, तिच्याच हातातलं काहीतरी मी काढून घेतलं होतं, आणि ते मला तिथे, त्या गल्लीत, गाडीवर बसल्या बसल्या कळलं.

मी चावी फिरवून इंजिन बंद केलं. मग बटण दाबलं. अर्थात काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं.

"बंद पडनी का?" अक्का म्हणाली.

"पडली. जुनी गाडी, तिचा काय भरवसा."

"मी म्हने ना! दुसरा गेरमा टाक. धर नीट." तिचा आवाज एकदम खणखणीत झाला. गाडी उताराला लागली. तिच्या धापा आणि चपलांचा आवाज मागून येत होता. मी गुपचूप चावी चालू केली, क्लच सोडला, इंजिनाने धूर सोडला. अक्का धावत आली, मागे बसली आणि माझ्या पाठीत बुक्की घातली.

पारोळ्यापर्यंत ती बोलतच होती. कुणाच्या केळी वाळल्या, कुणी नवीन विहीर काढली. मग माझ्या कानाशी वाकली.

"चावी बंद व्हती ना रे तुनी?"

खोटं बोलून उपयोग नव्हता. "व्हती," मी म्हणालो.

अमळनेरची पाटी दिसायला लागली तेव्हा माझ्या खांद्यावरचा तिचा हात जरा घट्ट झाला.

"पुढला सालले बी बंदच ठेव," अक्का म्हणाली.