गराजमधली राख

मी टेस्टर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे माझं गेल्या चौदा वर्षांचं काम, आणि घरचे म्हणतात की तोच माझा स्वभाव. डिशवॉशर लावला का, असं विचारल्यावर नवरा हो म्हणाला तरी मी दार उघडून बघते. दहातल्या नऊ वेळा लावलेला असतो. त्या दहाव्या वेळेच्या जिवावर माझा संशय जगतो.

मुलीच्या दोन वर्षांच्या तपासणीत बोटाला टोचून घेतलेल्या रक्तात शिसं निघालं, असायला हवं त्यापेक्षा जास्त. मग दंडातून रक्त घेतलं, त्यातही निघालं. डॉक्टरीणबाई शांत होत्या. घाबरू नका, पण हे कुठून येतंय ते शोधा आणि थांबवा, म्हणाल्या. शिसं लहान मुलांच्या मेंदूला बाधतं, बोलण्यावर, शिकण्यावर परिणाम होतो आणि वरून काही दिसत नाही. ती तेव्हा नुकती दोन-दोन शब्द जोडायला लागली होती. त्या दिवसापासून मी तिचे शब्द मोजायला लागले. काल ‘चिऊ’ म्हणाली होती, आज का नाही म्हणाली? रात्री नवऱ्याला विचारायचे, तो म्हणायचा, “अगं, झोप आली असेल तिला.” मला त्याचाही राग यायचा.

दोन दिवसांनी काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, आरोग्य खात्यातल्या नर्सबाईंचा फोन आला. त्यांच्याकडे लांबलचक प्रश्नावली होती. घर किती जुनं? टेक्सासच्या शुगर लँडमधलं आमचं घर नवंच, त्यामुळे शिसं असलेल्या जुन्या रंगाचा प्रश्न नव्हता. पाणी कुठलं? मसाले बाहेरच्या देशातून आणता का? हळद?

हळद म्हटल्यावर माझा पेन थांबला.

काही ठिकाणी हळद जास्त पिवळी दिसावी म्हणून तिच्यात शिशाचा रंग मिसळतात, असं नर्सबाई सांगत होत्या आणि मी ओट्यावरच्या बरणीकडे बघत होते. चार महिन्यांपूर्वी सासूबाई आमच्याकडे आल्या त्या सांगलीहून दोन किलो हळद घेऊन. तेव्हापासून वरणात तीच, दुधात तीच, आणि नातीला खरचटलं तरी वर चिमूटभर तीच. झालं, चोर सापडला होता. पुढचे प्रश्न मी नुसते उरकले. काजळ? नो. घरात कोणाला शिशाशी संबंध येईल असा छंद? मासेमारीची वजनं, रंगीत काचकाम, नेमबाजी? नो, नो, नो.

त्यातला शेवटचा ‘नो’ खोटा होता.

माझ्या नवऱ्याला नेमबाजीचा नाद होता. ऑफिसमधल्या एका मित्राबरोबर तो पहिल्यांदा रेंजवर गेला, ग्रीन कार्ड आल्यावर पॉइंट टू-टूची छोटी रायफल घेतली, आणि मग बोटांचे ठसे, फोटो, फॉर्म असे सगळे सोपस्कार करून तिच्यासाठी सायलेन्सर घेतला. रेंजवरचे लोक त्याला सप्रेसर म्हणतात. वीतभर लांबीचं नळकांडं, बंदुकीच्या तोंडाला आटे फिरवून बसवायचं, म्हणजे आवाज दबतो. टेक्सासमध्ये हे सगळं कायदेशीर आहे आणि आमचे कागद चोख होते. पण सरकारी माणसानं बंदुकीबद्दल विचारलं की नाही म्हणायचं, हे मला कोणी शिकवायची गरज पडली नाही. इतकी वर्षं व्हिसावर काढली की ते आपोआप येतं. मराठी मंडळातही आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं. आणि सासूबाईंना तर अजिबात नाही.

ते नळकांडं दर थोड्या दिवसांनी साफ करावं लागे. शनिवारी दुपारी तो गराजमधल्या टेबलावर ते उघडायचा. आत भोक पाडलेल्या छोट्या वाट्या एकापुढे एक बसवलेल्या असत, काळ्याकुट्ट झालेल्या. तो त्या टेबलावर आपटायचा आणि टूथब्रशनं कोरड्याच खरवडायचा. उकाड्यामुळे शेजारी मोठा पंखा चालू. हातात मोजे असायचे, त्याचा त्याला अभिमान होता. “कार्बन आहे यार नुसता,” तो म्हणायचा, “तव्याची काजळी असते ना, तशी.”

सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला विचारलं होतं, “तो काय घासत बसतो गं?”

“पाइपचा पार्ट आहे, आई. प्लम्बिंगचा.”

“पाइपातून राख कशी निघते?”

“इथले पाइप वेगळे असतात.”

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, पण पुढे काही विचारलं नाही. मला वाटलं, सुटले.

तर हळद. नर्सबाईंनी नमुने मागवले होते. मी हळद, तिखट, धणेपूड अशा पिशव्या भरत होते, तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. मी पिशवीवर ‘सासूबाईंची हळद’ असं इंग्रजीत लिहिलं होतं. त्यांना इंग्रजी वाचता येतं हे मी विसरलेच होते.

“माझी हळद कुठे चाललीय?”

मी सांगितलं. शक्य तितकं गोड सांगितलं. इकडचे नियम, सगळ्यांचीच तपासतात, वगैरे.

“हळकुंडं मी स्वतः निवडलीत,” त्या म्हणाल्या. “गिरणीत समोर उभी राहून दळून घेतलीय. तुझा माझ्यावर संशय आहे, तर तसं सरळ म्हण.”

मी सरळ म्हटलं नाही. पण त्याच संध्याकाळी बरणीतली उरलेली हळद कचऱ्यात ओतली, आणि झाकण लावायचंही भान ठेवलं नाही. सकाळी त्या कॉफीचा चोथा टाकायला गेल्या तेव्हा त्यांना ती दिसली. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या नवऱ्याला एवढंच सांगितलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन लवकर करून घ्यावं म्हणते, तिकीट अलीकडचं बघ. सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, साडेचार महिन्यांत परत गेल्या. खरं सांगते, विमानतळावरून परत येताना मला हायसं वाटलं. नवरा गाडी चालवत होता, त्याच्याशी बोलायचं मात्र मी टाळलं.

नातीचं आणि त्यांचं एक ठरलेलं काम होतं. दिवेलागणीला त्या तिला कडेवर घेऊन टबापाशी न्यायच्या, हातपाय साबणानं धुवायच्या आणि मग देवापुढे बसवायच्या. तळवे चोळताना मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणायच्या, “बघ गं बाई, केवढं काळं पाणी निघतंय!” मला वाटायचं, हा टोमणा माझ्यासाठी आहे, सुनेला घर नीट ठेवता येत नाही म्हणून. त्या रोज सकाळी ओलं फडकं घेऊन वाकून फरशी पुसायच्या, तेही मला टोचायचं. शेवटी मी रोबो व्हॅक्यूम आणला. तो दिवसभर घरभर फिरायचा, आणि माझ्या डोक्यावरचा आरोप उतरला असं मी समजायचे.

त्या गेल्यावर मुलीला डेकेअरला घातलं. संध्याकाळी घरी आलं की ती टबापाशी जाऊन उभी राहायची. मी पाय धुवायला लागले की ओरडायची, “नो! आजी डू इट!” माझी साडेपाचची मीटिंग असायची. तिला ओल्या टिश्यूनं पुसायचे आणि सोडून द्यायचे.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. मी निर्धास्त होते. हळद गेली होती, हळदवाल्याही गेल्या होत्या.

आकडा वाढला होता.

डॉक्टरांच्या ऑफिसबाहेर गाडीत बसून मी रडले, आणि रडतानाही माझं डोकं संशय घ्यायचं थांबलं नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं. डेकेअरची खेळणी? तिथल्या जुन्या घसरगुंडीचा रंग? मला तर असंही वाटून गेलं की सासूबाईंनी जाताना नवऱ्याकडे गुपचूप एक पुडी ठेवली असेल. घरी येऊन मी त्याचं कपाट धुंडाळलं. चूक सापडल्यावर ती पुन्हा घडवून बघितल्याशिवाय बंद करायची नाही, हे मी ऑफिसात नवख्यांना शिकवते. स्वतःच्या मुलीच्या बाबतीत मी पहिल्या दिवशीच फाइल बंद करून टाकली होती.

या वेळी नर्सबाई घरीच आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, हातात पुसण्याच्या ओल्या कागदांची पाकिटं. हळदीचा रिपोर्ट त्यांनी सोबतच आणला होता. हळदीत काही नव्हतं. तिखटात, धणेपुडीतही काही नव्हतं. मी तो कागद दोनदा वाचला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला, नवऱ्याला दिसू नये म्हणून.

मी त्यांना शूज काढायला सांगितलं. “छान सवय,” त्या म्हणाल्या. “तुम्ही कुठे काढता?”

“गराजमध्ये.” चपलांचं कपाट मीच तिथे ठेवलं होतं. बाहेरची घाण आत यायला नको, हा माझा या घरातला पहिला नियम. गराजमध्ये चपला काढायच्या, अनवाणी चार पावलं चालायचं आणि पायपुसण्यावर पाय पुसून आत यायचं. मुलीलाही तसंच शिकवलं होतं.

त्यांनी गराजचं दार उघडलं. शनिवार नव्हता, पण टेबलावर त्या वाट्या ओळीनं मांडलेल्या होत्या. ब्रश तिथेच, पंखा तिथेच. चपलांचं कपाट टेबलापासून हातभर अंतरावर. सिमेंटच्या जमिनीवर बारीक राखाडी धूळ होती आणि त्या धुळीत छोट्या पावलांचे ठसे उमटलेले होते, दारापर्यंत.

नर्सबाईंनी हातातली फाइल चाळली. “नेमबाजी, याला तुम्ही नो म्हणाला होता,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

मग त्यांनी समजावलं. त्या छोट्या रायफलीच्या गोळ्या उघड्या शिशाच्या असतात. दर गोळीमागे थोडं शिसं त्या नळकांड्यात साठतं, काजळीत मिसळतं, आणि कोरडं खरवडलं की हवेत उडतं. नमुने घेण्यासाठी त्यांनी त्या ओल्या कागदांनी टेबल पुसलं, जमीन पुसली, पायपुसणं पुसलं. शेवटी रोबोचा कचऱ्याचा डबा मागितला. आठवड्यानं निकाल आले. सगळीकडे शिसं होतं, आणि माझा रोबो ते बैठकीच्या खोलीपर्यंत वाहून नेत होता.

नवरा तो कागद हातात घेऊन गराजच्या पायरीवर बसून राहिला. “मी कार्बन, कार्बन म्हणत राहिलो यार,” एवढंच म्हणाला. त्याला झापायचं म्हणून मी किती वाक्यं जुळवली होती. पण नर्सबाईंनी तो नेमबाजीचा प्रश्न मला विचारला होता, त्याला नव्हे.

पुढचं आधीच सांगून टाकते. गराज नर्सबाईंच्या सांगण्याप्रमाणे साफ झालं, पायपुसणं आणि रोबो फेकून दिला, नळकांडं कुलपात गेलं ते अजून तिथेच आहे. आकडा हळूहळू उतरत गेला. मुलगी बोलते, भरपूर बोलते. तरी एखादा शब्द अडला की मी अजून मोजायला लागते.

पण निकाल आले त्या दिवशी यातलं काही ठाऊक नव्हतं. नर्सबाईंनी फोनवर सूचना लिहून घ्यायला सांगितल्या. कोरडं झाडू नका, फरशी रोज ओल्या फडक्यानं पुसा. मुलीचे हातपाय साबणानं धुवा, बाहेरून आली की आणि जेवणाआधी, न चुकता. मी लिहीत होते. त्यांनी विचारलं, “पहिल्या तपासणीच्या वेळी आकडा कमी होता. तेव्हा घरात काय वेगळं होतं?”

मी म्हटलं, “माझ्या सासूबाई होत्या.”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे संन्यासी रोज चोरावर पहारा करत होता, आणि मी त्याला विमानात बसवून आले होते.

मी लगेच सांगलीला फोन लावला. तिकडे पहाट होती, पण त्या उठलेल्या असतात. मी सगळं सांगितलं. हळदीत काही नव्हतं हे सांगितलं, पाइप नव्हता हे सांगितलं, बंदूक सांगितली. माफी मागितली.

“मला वाटलंच होतं ती राख काही बरी नाही,” त्या म्हणाल्या. “पण तू पाइप म्हणालीस. म्हटलं, निदान पोरीचे पाय तरी धुवावेत.”

मग त्यांनी विचारलं, “आज धुतलेस?”

मागे दिवाणखान्यात मुलगी अनवाणी पळत होती. धुतले नव्हते. फोन कानाला तसाच ठेवून मी तिला उचललं आणि टबाकडे धावले.