खंडेनवमीनंतर अडकलेला फ्लॅप

"फ्लॅप आजही दहा अंशांवरच अडकले," असं सांगून कॅप्टननं हेडसेट माझ्या टेबलावर ठेवला. आठवड्यातली ही तिसरी वेळ. ब्रेक तापल्याचा जळका वास हँगरमध्ये येत होता.

ही गोष्ट ऐंशी साल उजाडायच्या थोडी आधीची. पिंपरीच्या एका कारखान्याच्या विमान विभागात मी इंजिनिअर होतो. विभाग म्हणजे मालकांचं आठ सीटचं जेट, मी, प्रेसशॉपमधून आलेले जुने मेकॅनिक कांबळेमामा आणि दोन फिटर. विमान लोहगावला, पगार पिंपरीला. रोज सकाळी चिंचवडहून कंपनीच्या जीपनं निघायचो. दापोडीचा पूल ओलांडेपर्यंत मामांच्या प्रेसशॉपमधल्या, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवायच्या खात्यातल्या, गोष्टी चालायच्या. रस्ते रिकामे होते आणि माझे गुडघे शाबूत होते. फार सुखाचे दिवस होते ते.

फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी. उतरताना ती खाली केली की विमान कमी वेगातही हवेत टिकतं. ती अडकली तर वेगातच उतरावं लागतं आणि धावपट्टी पुरेल की नाही, ही धाकधूक. शिवाय डावा-उजवा फ्लॅप बरोबरीनं हलावा लागतो. एक मागं राहिला तर विमान कलंडेल, म्हणून यंत्रणा दोघांनाही आहे तिथंच लॉक करते. आमचं तेच होत होतं.

जमिनीवर मात्र फ्लॅप शहाण्या मुलासारखे वागत. वीस वेळा खालीवर केले, वीस वेळा चालले. स्विच बदलले, वायरिंग तपासलं. काही सापडेना. आमचे मॅनेजर देशपांडे साहेब येऊन गेले. परवा मालक सहकुटुंब दिल्लीला निघणार होते. जमत नसेल तर तसं स्पष्ट सांगा, एवढंच ते म्हणाले.

शेवटी कॅप्टन म्हणाला, "तुम भी साथ चलो."

गेलो. वर बाहेरची हवा उणे पन्नास. तासाभरानं खाली आलो, फ्लॅप टाकले, दहावर अडकले. उतरताना मी जे काही पुटपुटलो ते इथं लिहीत नाही. विमान थांबताच शिडी लावून फ्लॅप ढकलणाऱ्या लांब स्क्रूंना हात लावला. उजव्या बाजूचं ग्रीस मऊ होतं. डाव्या बाजूचं थंडीतल्या डालड्यासारखं घट्ट, म्हणून तोच फ्लॅप मागं राहत होता. दहा मिनिटांत ऑक्टोबरच्या उन्हानं तेही मऊ झालं.

तेव्हा मला खंडेनवमी आठवली.

त्या दिवशी आमच्याकडे यंत्र अर्धवट ठेवत नसत. धुवायचं, नवं तेल-ग्रीस द्यायचं, मग हार. मामा स्वतः पूजा करत नसत, ते बौद्ध. पण यंत्र धुवायला सगळ्यांच्या आधी हजर. दहाला देशपांडे साहेब नारळ फोडायला येणार होते आणि साडेनऊला विमानाच्या ग्रीसचा डबा संपला. डावी बाजू राहिली होती. जीपमध्ये प्रेसशॉपच्या साध्या ग्रीसचा डबा होता. मामांनी विचारलं होतं, "ह्ये चालंल का, साहेब?" मी म्हणालो होतो, ग्रीसला काय होतंय, लावा. आणि कामाच्या नोंदीखाली, विमान उडायला योग्य म्हणून, सही ठोकली होती.

आता रिपोर्टात कारण लिहायचं होतं. मामा आत आले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"माझ्या नावावर टाका. रिटायर व्हायला माझं दीड वरीस ऱ्हायलंय. तुमचं लायसन गेलं तर लेकरांचं काय?"

"आणि तुम्हाला काढलं तर?"

"काढू द्या. हात माझाच व्हता."

खोटं कशाला सांगू, पाच मिनिटं मला ते पटलं होतं. घरात धाकटी सहा महिन्यांची होती. पण तीस वर्षं इमानानं नोकरी केलेला माणूस माझ्यासाठी डाग लावून घेऊन घरी जाणार, हे काही गळ्याखाली उतरेना. मी लिहिलं: चुकीचं ग्रीस, माझ्या सांगण्यावरून. मला विचारलं गेलं, तरी मी तपासलं नाही.

देशपांडे साहेबांनी ते दोनदा वाचलं. माझा सहीचा अधिकार तीन महिन्यांसाठी काढला आणि मला पिंपरीत फोर्कलिफ्ट दुरुस्तीला पाठवलं. मुंबईहून एक इंजिनिअर आला. त्यानं दोन्ही बाजूंचे स्क्रू धुऊन योग्य ग्रीस भरलं. फ्लॅप चालले, मालक दिल्लीला गेले. मामांना कोणी काही विचारलं नाही. ते मात्र चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचं ऐकलं नाही म्हणून.

तीन महिन्यांनी हँगरवर परतलो. विमान तपासलं, सही केली. कॅप्टननं मामांना विचारलं, "आज साइन किसका है?"

"आपल्या साहेबांचं," मामा म्हणाले.

कॅप्टन लगेच शिडी चढला. मी उगाच पान्ह्यांची पेटी आवरत बसलो, डोळे कोणाला दिसू नयेत म्हणून.

डब्यावर काय लिहिलंय ते वाचायला अर्धं मिनिट लागतं. मला तीन महिने लागले.