दाजींची भीड

भगवानदाजी कुणापुढं गप्प बसले, असं मी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. मुलगा विशाल शाळेत असताना मास्तरीण त्याच्या डब्याला नाक मुरडायची, तर हे थेट प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये जाऊन भांडून आले. आंबेडकर जयंतीला कुणी पाहुणा गुळमुळीत बोलला की हे उठून माइक हातात घेणार, मग बसा सगळे थंड जेवण जेवत. युनिव्हर्सिटीच्या हिशेब खात्यात नोकरी केली, तिथं साहेबाला लेखी माफी मागायला लावली. असा हा माणूस शेजाऱ्याच्या मिठाच्या पोत्यापुढं तोंडाला कुलूप लावून बसला. मला राग येतो, मग रडू येतं, मग परत राग येतो.

मी धम्मप्रिया. दाजींची बायको जयाताई माझी मावसबहीण. मी इथं कॅनडात किचनेरला राहते, विम्याच्या ऑफिसात नोकरी करते आणि शनिवारी बस धरून शेजारच्या वॉटर्लूला ताईकडे जायचे. नव्या ट्रेनचे रूळ केव्हाचे टाकून ठेवले होते, गाडीचा मात्र पत्ता नव्हता. गेल्यावर ताईला न्हाऊ घालायचं, वेणी घालायची, आठवड्याच्या पोळ्या करून फ्रीजरमध्ये ठेवायच्या. ताईला विसरण्याचा आजार झाला होता. आधी किल्ल्या हरवायला लागल्या, मग गॅस चालू राहिला, आणि एक दिवस मलाच म्हणाली, "बसा ना बाई, चहा घेणार का?" मी बाथरूममध्ये जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

पण एक गोष्ट ती विसरली नव्हती, ती म्हणजे भुरी. भुरी ही त्यांची कुत्री, चांगली वासराएवढी, रंगानं भुरकट म्हणून भुरी. ताई वर्षानुवर्षं तिला घेऊन पार्कात जायची, तळ्याला वळसा घालून टपालपेटीपाशी थांबायची आणि परत यायची. ताईच्या डोक्यातून रस्ता पुसला गेला, पण भुरीच्या डोक्यात होता. ताईनं पट्टा हातात धरायचा आणि भुरीनं तिला नेऊन आणायचं. दाजी मागून चालायचे, जरा अंतर ठेवून. जवळ गेले तर ती ओरडायची, परका बाप्या म्हणायची. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेलेला नवरा, आणि त्याचा हात धरायची नाही. कुत्रीचा पट्टा मात्र घट्ट धरायची.

ते फिरणं झालं की ताई शांत असायची. जेवायची, झोपायची. नाही झालं की दार बडवायची आणि डोळा चुकवून बाहेर पडायची. गेल्या हिवाळ्यात अशी एकटी पडली होती बाहेर, घरातल्या चपलांवर. पोलिसांनी आणून सोडली. तेव्हा सरकारी नर्सबाईंनी स्पष्ट सांगितलं की पुन्हा असं झालं तर यांना होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, ठेवावं लागेल. विशालचा कॅलगरीहून फोन यायचा, "बाबा, इट्स नॉट सेफ एनीमोर." दाजी फोन ठेवून द्यायचे. डोकं ठिकाणावर होतं तेव्हा ताईनं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं, मला कुठं ठेवायचं नाही, मरेन तर माझ्या घरात. दाजींनी शब्द दिला होता. त्या शब्दाचा सगळा भार त्या कुत्रीच्या चार पायांवर होता, दुसरं काही नाही.

आणि ते पायच जळायला लागले.

त्यांच्या गल्लीत शेवटचं घर नंदनचं, त्याच्या अलीकडे दाजींचं, आणि नंदनच्या घरापलीकडे लगेच पार्क. हा नंदन पुण्याचा, कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला. तो आणि त्याची बायको अक्षरा त्याच वर्षी राहायला आले होते. मुलगा गुणी, बोलायला गोड. बर्फ पडलं की सकाळी अंधारात उठून स्वतःचं दार साफ करायचा आणि दाजींचंही. फुटपाथ, ड्राइव्ह वे, पायऱ्या, सगळं. आणि वरून मीठ, उरलंसुरलं बर्फ वितळावं म्हणून. मूठ-दोन मूठ नव्हे हो, पोत्यानं. ते रस्त्यावरचं खडेमीठ, हिरवट-निळं, स्वस्तातलं. "काकू घसरायला नकोत," म्हणायचा. "तुम्ही बाहेर येऊच नका काका. शोव्हल करून, सॉल्ट टाकून ठेवलंय."

जानेवारीत पाऊस पडून त्याची काच झाली, मग वर बर्फ, मग परत पाऊस. मीठही रोज पडायला लागलं. भुरीच्या तळव्यांना आधी भेगा पडल्या, मग त्यातून रक्त यायला लागलं. घरी आली की पाय चाटत बसायची, आणि ते मीठ पोटात जाऊन ओकायची. एका शनिवारी मी गेले तर गालिच्यावर लाल ठसे. जनावरांच्या डॉक्टरनं मलम दिलं, कोमट पाण्यानं पाय धुवा म्हणाला, बूट घाला म्हणाला. बूट घातले तर भुरी एकेक पाय हवेत धरून पुतळ्यासारखी उभी, आणि नजर वळली की दातांनी बूट फाडून मोकळी. डॉक्टर आणखी एक म्हणाला होता. शेजाऱ्यांना सांगा, कुत्र्यांना चालणारं वेगळं मीठ मिळतं, ते टाका म्हणावं. लोक ऐकतात.

"मग सांगितलं का?" मी विचारलं.

दाजी चहात बिस्किट बुडवत राहिले.

"दाजी, मी काय विचारतेय? नंदनला सांगितलं का?"

"बघू."

"बघू काय? कुत्रीचे पाय सोलून निघालेत! दोन घरांचा फुटपाथ आहे, पुढं पार्कात नुसतं मऊ बर्फ. त्या एका माणसाला एक वाक्य बोलायचंय!"

"तो आपल्यासाठी करतो गं, धम्मा."

"अहो, भीड भिकेची बहीण! तुम्हाला जमत नसेल तर मी जाते. हे काय, पलीकडचं दार."

मी खरंच उठले होते. दाजींनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "तू बोललीस तर या घराची पायरी चढू नको." कधी आवाज चढवून बोलले नव्हते माझ्याशी. मग स्वतःच ओशाळले आणि खाली बघून बोलायला लागले.

"सत्त्याहत्तर साली इथं आलो तेव्हा गावात चारच मराठी घरं होती. एकानं गणपतीला बोलावलं. गप्पा चालल्या होत्या, त्यानं आडनाव विचारलं, मी सोनकांबळे सांगितलं. पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तुझी ताई वाट बघायची, साडी इस्त्री करून ठेवायची. आणि हा पोरगा, दारात आला, आडनाव विचारलं, मी सांगितलं. मनात म्हटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खरखर आवाज आला म्हणून पडदा सारला, तर हा माझी पायरी झाडत होता. माझी पायरी, धम्मा. माझा बाप लोकांच्या पायऱ्या झाडून मेला. आता याला कसं म्हणू, की तुझं मीठ नको?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी असं वाटलं की या माणसाला खांदे धरून गदागदा हलवावं. अहो, त्यानं तुम्हाला माणूस मानलं ना? मग माणसासारखं बोला त्याच्याशी! शेजाऱ्याला शेजारी सांगतो, तसं सांगा. हे सगळं मी म्हणाले. दाजींनी मान हलवली. "बोलतो," म्हणाले.

बोलले कुठले! आधी त्यांनी असं केलं की नंदनच्या आधी उठून स्वतःच फावडं मारायला लागले. म्हणजे त्यानं येऊच नये. नंदननं पाहिलं आणि धावत आला, "काका, बायपास झालंय ना तुमचं? द्या इकडं!" आणि दुसऱ्या दिवसापासून तो अजून लवकर उठायला लागला. मग दाजी तो ऑफिसला गेला की झाडूनं मीठ गोळा करायचे, चोरासारखे इकडंतिकडं बघत. गोठलेलं मीठ झाडूला दाद देतंय का? एकदा तर ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार झाला. मुद्दाम त्याच्या दारी गेले, म्हणाले, "नंदन, एक बोलायचं होतं." तो म्हणाला, "बोला ना काका." तर म्हणाले, "थंडी फार आहे." आणि परत आले. हे त्यांनीच मला फोनवर सांगितलं आणि हसले. मला हसू आलं नाही. मागं ताई दार बडवत होती, ते ऐकू येत होतं.

भुरीनं आता बाहेर पडायचंच सोडलं होतं. मागच्या अंगणात कोपऱ्यात जाऊन यायची, बस. ताई पट्टा हातात घेऊन दारापाशी दिवसभर उभी. दाजींनी दाराला वर कडी बसवली, तिचा हात पुरणार नाही अशी. ती कडीकडं बघून बघून नखांनी दार खरवडायची. रात्री दोघं झोपत नव्हती. दाजींचे गाल आत गेले होते. "एकदा भुरीला पार्कापर्यंत नेता आलं ना, की सगळं रुळावर येईल," एवढंच घोकायचे. फेब्रुवारीतल्या त्या सकाळी त्यांनी काय केलं, तर कोमट पाण्याच्या बादल्या भरून फुटपाथ धुवायला काढला.

अहो, कॅनडात सगळं आयुष्य गेलं! पारा उणे अठरावर, आणि हा शहाणा माणूस फुटपाथवर पाणी ओततोय! पण माणूस गळ्यापर्यंत बुडाला की त्याला शहाणपण कुठून सुचावं. मीठ वाहून गेलं म्हणे. खाली स्वच्छ काळं सिमेंट दिसायला लागलं. दाजी खूश झाले, शेवटची बादली भरायला आत गेले. दोन्ही हातांत बादल्या, म्हणून जाता-येता दार नुसतं लोटून घेतलेलं. कडी उघडी.

ताईनं भुरीला पट्टा लावला आणि बाहेर पडली. भुरी उंबऱ्यातच बसली, उठेना. ताईनं दोनदा ओढलं, मग पट्टा टाकून दिला आणि एकटीच पायऱ्या उतरली. तोवर त्या पाण्याचं आरशासारखं बर्फ झालं होतं. दाजींना आत नळाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. भुरीचं भुंकणं ऐकलं ते नंदननं. तोच आधी धावला. अंगातलं जॅकेट काढून ताईवर घातलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं, अॅम्ब्युलन्स बोलावली. शनिवारच होता तो. मी नेहमीच्या बसनं पोचले तेव्हा ताईला अॅम्ब्युलन्समध्ये चढवत होते, आणि नंदन नुसत्या स्वेटरवर कुडकुडत उभा होता आणि रडत होता. "मावशी, मी सॉल्ट टाकलं होतं हो. खरंच टाकलं होतं. तरी कसं काय झालं?" मी दाजींकडं पाहिलं. दाजी पायरीवर बसले होते, पायाशी रिकामी बादली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण त्या चेहऱ्यापुढं माझीही जीभ उचलली नाही.

ताईचं कंबरेचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण तिला उभं राहायचं असतं हेच आठवेना. विशाल आला. त्यानं काही आरडाओरडा केला नाही, फक्त म्हणाला, "बाबा, प्लीज." दाजींनी सही केली. दवाखान्यातून ताई घरी आलीच नाही, थेट होममध्ये गेली. तिथं ती जेवेना. भिंतीकडं तोंड करून पडायची आणि मधूनच "भुरी, भुरी" म्हणायची. तिथल्या बाईंनी सांगितलं, कुत्र्याला आणलंत तरी चालेल.

मार्चमधल्या एका रविवारी आम्ही भुरीला ताईकडे न्यायला निघालो. आदल्या दिवशी पुन्हा बर्फ पडलं होतं, आणि नंदननं सकाळी उठून दाजींचा सगळा ड्राइव्ह वे खडेमिठानं हिरवा करून ठेवला होता. गाडी त्याच्या टोकाला. भुरी दारात आली, वास घेतला आणि मागं सरली. ओढली तर कण्हायला लागली. नंदन फावडं घेऊन तिथंच होता.

"काय झालं काका? येत नाही का ती?"

दाजींनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "अरे नंदन, या मिठानं तिचे पाय भाजतात."

"अरे देवा! खरंच की!" नंदननं कपाळावर हात मारला. "थांबा, थांबा. माझ्याकडे आहे ना कुत्र्यांसाठीचं. अक्षराची बहीण रिचमंड हिलहून तिचं कुत्रं घेऊन येते, त्याच्यासाठी आणून ठेवलंय. गराजमध्ये नुसतं पडलंय केव्हापासून." पळत गेला, एक पांढरा डबा घेऊन आला. जुनं मीठ फावड्यानं खरवडून बाजूला लोटलं, नवं पसरलं. पाच मिनिटांचं काम. "सांगायचं ना काका आधी! मला कुत्र्यांतलं काय कळतंय?"

भुरी सावकाश गाडीपर्यंत चालत गेली.

गाडीत बसल्यावर दाजींना किल्ली लावता येईना. "गराजमध्ये होतं, धम्मा," म्हणाले. "भिंतीपलीकडं."

"मी सांगते आता त्याला सगळं," मी म्हणाले. "कळू दे त्यालाही."

"नाही. त्याचा काय दोष? त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी शेजारी होतो." मी त्यांना उठवून पलीकडं बसवलं आणि गाडी चालवली.

ताई खुर्चीत बसलेली होती. तिला दाजी कळले नाहीत, मी कळले नाही. भुरीनं तिच्या मांडीवर तोंड ठेवलं तसा तिचा चेहरा फुलला, किती तरी दिवसांनी. तिनं हात पुढं केला. दाजींनी पट्टा तिच्या हातात दिला. तिनं तो मनगटाला गुंडाळला, नेहमी गुंडाळायची तसाच, आणि म्हणाली, "चल गं. घरी चल."

भुरी दाराकडं ओढायला लागली. खुर्चीला ब्रेक लावलेला होता, आणि त्यावर दाजींचा हात होता. ताई मागं वळून त्या परक्या माणसाला म्हणाली, "अहो, सोडा ना."