चौथीपर्यंतचं मराठी

उल्हासनगरात आमच्या चौथीपर्यंतच्या मराठी शाळेसमोर एका सिंधी काकांचं वह्या-पेन्सिलींचं दुकान होतं. मराठी माणसाशी मराठीतच बोलायचा त्यांचा हट्ट. पण ते मराठी शिकले आम्हा पोरांकडून, त्यामुळे त्यांचं मराठी चौथीच्या पुढे गेलंच नाही. माझ्या आईलासुद्धा ते दटावायचे, "लवकर जा, बाई ओरडतील." शेजारी स्टुलावर काकू बसायच्या आणि घेतलेल्या प्रत्येक पेन्सिलीला टोक करून द्यायच्या.

शाळा बंद पडून बरीच वर्षं झाली. आता मी बदलापूरला राहतो. परवा कामासाठी तिकडे गेलो, तर दुकान उघडं होतं. काकांनी मला ओळखलं नाही. शाळेच्या गंजलेल्या कुलपाकडे बोट दाखवून एवढंच म्हणाले, "सुट्टी लागलीय."

उगाच मी एक पेन्सिल मागितली. त्यांनी ती काढली आणि सवयीने बाजूच्या स्टुलाकडे धरली. स्टूल रिकामं होतं. हात तसाच राहिला.

"काकू कुठायत?" मी विचारलं.

ते शब्द शोधत राहिले. असलं काही आम्ही पोरं त्या दुकानात कधी बोललोच नव्हतो. शेवटी मान खाली घालून, हजेरी दिल्यासारखं म्हणाले,

"गैरहजर."