आडव्या सळ्यांना नकार

सुजातामॅडमची आणि माझी पहिली भेट अंबरनाथला, शिवमंदिराजवळच्या त्यांच्या ऑफिसात झाली. सिव्हिलचा डिप्लोमा घेऊन मी मुलाखतीला गेले होते. मॅडमनी मला शेजारच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये नेलं आणि फरशीवर बसवलं.

"आता तुम्ही दीड वर्षाच्या आहात. कुठून कुठून पडाल, सांगा."

मी जिना आणि बाल्कनी सांगितली.

"आणि खिडकीखालचा कट्टा? बाथरूमची ओली फरशी?"

नोकरी मिळाली. काम कसं तपासायचं, तेही तिथेच कळलं.

मॅडम आता साठ पूर्ण करत आहेत. वास्तुविशारद म्हणून त्यांनी उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत केलेल्या कामांविषयी इतर जण लिहितील. मी डोळ्यांनी पाहिलेल्या एका कामाविषयीच लिहिते.

बदलापूरची ती इमारत आमच्या ऑफिसचं तेव्हाचं सर्वांत मोठं काम होती. बिल्डर होते उल्हासनगरच्या कॅम्प एकमधले एक शेठ. त्यांनी बाल्कन्यांसाठी परस्पर आडव्या पाइपांचं रेलिंग ठरवलं.

"मॅडम, आजकल सगळीकडे हेच चालतं. लुक येतो."

"तुम्हाला लुक येतो, शेठ. दोन वर्षांच्या पोराला ती शिडी आहे. सळ्या उभ्या लावा."

"माल साइटवर येऊन पडलाय! मग दुसरा आर्किटेक्ट बघू काय?"

"बघा. मी यावर सही करणार नाही. पण दुसरा बघण्याआधी एकदा तुमच्या नातवाला हे रेलिंग दाखवा."

काम गेलं असतं तर ऑफिस अडचणीत आलं असतं. एवढं ताणू नये, असं मी सुचवलं. मॅडम म्हणाल्या, "काम दुसरं मिळेल." त्यापुढे चर्चा झाली नाही.

रविवारी साइटच्या अंगणात रेलिंगचा एक तुकडा जमिनीत पक्का रोवला, दोन्ही बाजूंना गाद्या टाकल्या. शेठची सून मुलाला घेऊन आली. त्याने आमच्याकडे पाहिलं, हसला आणि चढायला लागला.

"अरे, ये तो अभी चलना सीखा है..." शेठचं वाक्य संपायच्या आत त्याचा एक पाय वरच्या पाइपावरून पलीकडे गेला. सुनेने झडप घालून त्याला उचललं.

"पापाजी, ये नहीं लगेगा. किसी के भी घर में नहीं."

"मॅडम, तुम्ही तर माझ्या घरात भांडण लावलं," शेठ म्हणाले. पाइप परत गेले. सगळ्या मजल्यांवर उभ्या सळ्या लागल्या, मुलाचं डोकं आत शिरणार नाही इतक्या जवळजवळ. हल्ली शेठच इतर बिल्डरांना "उभ्याच लावा" असं बजावतात, जणू कल्पना त्यांचीच. मॅडम कधी दुरुस्ती करत नाहीत.

हीच नजर मॅडम ओळखीच्यांच्या घरातही नेतात. माझी भाची रांगू लागली तेव्हा त्या बुवापाड्याला आमच्याकडे आल्या आणि चहाआधी बाबांना हाताशी घेऊन खिडकीखालचा दिवाण सरकवू लागल्या. "मॅडम, पाहुण्या आलात की हमाल?" आईने विचारलं. "आधी हमाल, मग पाहुणी," त्या म्हणाल्या. दिवाण अजून त्या नव्या जागीच आहे.

बदलापूरच्या त्या इमारतीत ताबा द्यायच्या दिवशी एक छोटी मुलगी बाल्कनीत धावत गेली. सळ्या धरून तिने पाय वर टाकला, तो घसरला. पुन्हा टाकला, पुन्हा घसरला. शेवटी चिडून तिने भोकाड पसरलं. तिची आई ओशाळली.

"रडू द्या," मॅडम म्हणाल्या. त्यांना इतकं खूश मी क्वचितच पाहिलं आहे.

मॅडमना उत्तम आरोग्य आणि भरपूर आयुष्य लाभो, आणि त्यांनी बांधलेल्या घराघरांतली पोरं अशीच चिडून रडत मोठी होवोत.